काखेतला पाहुणा

देवाने माणसाचं शरीर घडवताना बाकी सगळा विचार केला, पण काखेच्या बाबतीत जरा चालढकलच केली, असं म्हणायला हरकत नाही. पाठ आपल्याला दिसत नाही, पण ती निदान दुसऱ्याला दाखवता येते. काख स्वतःला धड दिसत नाही आणि दुसऱ्याला दाखवायची चोरी. आरशासमोर हात वर करून उभं राहावं, तर माणूस शरण आल्यासारखा दिसतो. त्यामुळे दादांच्या उजव्या काखेत ती गाठ कधीपासून होती, हे खुद्द दादांनाही सांगता येणार नाही. ती सापडली एका रविवारी सकाळी, आंघोळ करताना. साबण निसटला, दादांनी तो काखेतच पकडला, आणि साबण काढून घेतला तरी काखेत काहीतरी उरलंच.

दादा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला त्यांना चार हातांवरून दिसे, आणि दुकानांच्या पाट्या वाचता वाचता ते चालत असल्यामुळे त्यांच्याबरोबर बाजारात जायला घरातलं कुणी तयार नसे. अशा माणसाला स्वतःच्याच अंगात, तेही पन्नाशी उलटून गेल्यावर, एक न तपासलेली गोष्ट सापडावी, हे त्यांना आधी अपमानास्पदच वाटलं. भीती त्यानंतर वाटली. पण एकदा वाटायला लागली ती भरपूर वाटली.

त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत तिला वहिनी म्हणे म्हणून आपणही तेच म्हणू. हाक अशा सुरात होती, की वहिनी हातातला झारा घेऊनच न्हाणीत शिरल्या. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि बोराएवढी आहे म्हणाल्या. दादांच्या मते ती लिंबाएवढी होती. मग आवळ्यापाशी कुठेतरी तडजोड झाली. एवढं होईपर्यंत दोघंही कुजबुजत होती, पण वहिनींना राहवलं नाही आणि त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, "पण आली कधी ही?"

बाहेर बोळात आई उभ्या होत्या. आई ऐंशीच्या घरात पोचल्या होत्या. त्यांना उद्देशून केलेलं बोलणं त्यांना तीनदा सांगावं लागे, आणि त्यांच्यापासून लपवलेलं एकदाही सांगावं लागत नसे.

"कोण आली?" आईंनी विचारलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात 'गाठ' हा शब्द उच्चारत नसत. आईंच्या थोरल्या बहिणीला काखेतल्या गाठीनेच नेलं होतं. दादा तेव्हा शाळेत होते. हसती-खेळती मावशी वर्षभरात गेली. तेव्हापासून सुतळीला गाठ पडली तरी घरात 'गुंता झालाय' म्हणायचे. त्यामुळे न्हाणीत ओल्या अंगाने उभ्या असलेल्या दादांच्या मनात पहिला विचार मावशीचा आला आणि दुसरा आईंचा. आपल्याला काही झालं, तर बहिणीमागे मुलगाही त्याच वाटेने गेलेला आई कशी बघणार? आपण मरू याची भीती होतीच, पण आईच्या डोळ्यांदेखत मरू, ही त्याहून मोठी होती.

"आली नाही, आला," दादांनी आतूनच दुरुस्ती केली. "पाहुणा. पाहुणा येतोय एक."

मुद्रितशोधकाला लिंग बदलणं म्हणजे डाव्या हातचा मळ. दादांनी एका फटक्यात स्त्रीलिंगाचं पुल्लिंग केलं, आणि ही युक्ती त्यांना स्वतःलाच इतकी आवडली, की त्या दिवसापासून घरात गाठीचं नाव पाहुणा पडलं. या शब्दाने पुढे काय काय करून ठेवलं, ते बघता तिथे एखादा साधा खोकला काढून वेळ मारून नेली असती तर बरं झालं असतं.

वहिनींनी ही बातमी इमारतीत एकाच बाईला सांगितली, तीही शपथ घालून. शपथ इतकी कडक होती, की त्या बाईंनी पुढे सांगताना प्रत्येकाला तीच घातली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं होतं, आणि आईंना काही कळू द्यायचं नाही हेही सगळ्यांना कळलं होतं. लोकांचं कौतुक करायला हवं. एरवी पाण्याच्या टाकीवरून एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं या एका गुपितासाठी एक झाली.

वरच्या मजल्यावर जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे टेपकाका म्हणत. त्यांनी रोज संध्याकाळी पाहुण्याचं माप घ्यायचं ठरवलं. दादा कठड्याशी हात वर करून उभे राहत आणि टेपकाका टेप लावून हुं-हुं करत. माप दर वेळी वेगळं यायचं, तेव्हा दोष जागेचा आहे, मऊ जमीन धड मोजता येत नाही, असं ते सांगायचे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मिठाचा शेक सांगितला. समोरच्या बाईंनी बर्फाचा सांगितला. त्यांच्या चुलतसासऱ्यांना अशीच गाठ होती आणि बर्फाने ती अगदी गेली म्हणे. सासरे कसे आहेत विचारल्यावर तेही गेले, पण वेगळ्या कारणाने, असा खुलासा झाला. दादांनी एका बाजूने शेक आणि दुसऱ्या बाजूने बर्फ असा मध्यममार्ग काढला आणि त्यांना सर्दी झाली.

हे सगळं चाललं असताना आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असत, आणि खिडकी जिन्यावर उघडत असे. जिन्यावरून येणारा-जाणारा दादांना विचारी, पाहुणा कसा आहे? दादा म्हणत, आहे तसाच, हलायचं नाव नाही. कुणी विचारी, वाढला का हो? वहिनी म्हणत, थोडा सुटलाय असं वाटतंय. औषधवाल्याने एकदा खालूनच ओरडून विचारलं, रात्री त्रास देतो का? आणि दादांनी वरून उत्तर दिलं, कुशीवर वळलं की देतो. आई ऐकत होत्या आणि घरभर पाहुणा शोधत होत्या. पाहुणा कुठेच दिसत नव्हता. म्हणजे तो अजून यायचा होता, किंवा येऊन गेला होता आणि पुन्हा येणार होता. येऊन न हलणारा, येताना सुटलेला आणि सगळ्यांना जड झालेला असा पाहुणा त्या घराला एकच होता. जावईबापू.

जावईबापू म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. देह भव्य, स्वभाव गरीब. कामानिमित्त या गावी येत, सासरी उतरत आणि मुक्काम लांबत जाई. आईंचा त्यांच्यावर जीव होता. आपला मुलगा आपल्याच मेव्हण्याबद्दल जिन्यावर उभं राहून असं बोलतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण त्या काही बोलल्या नाहीत. गप्प बसणं आईंना चांगलं जमे. किती चांगलं, ते पुढे येईलच.

इकडे नेहमीच्या डॉक्टरांनी दादांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे खिडकीपाशी ओळ होती. सगळ्यांसमोर 'गाठ' म्हणायचं दादांच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते खिडकीत डोकं घालून हळूच म्हणाले, "गाठीसाठी आलोय."

"कुणाची गाठ घ्यायचीय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"माझीच."

"तुमची गाठ कोण घेणार?"

"तेच विचारायला आलोय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, गाठीभेटींची वेळ चारनंतर असल्याचं सांगितलं आणि भेटायला येणाऱ्यांचा बिल्ला त्यांच्या हातात ठेवला. दादांना वाटलं, इथली रीतच अशी असेल. चार वाजता दार उघडलं आणि लोंढ्याबरोबर दादाही एका लांबलचक खोलीत ढकलले गेले. तिथे पाय टांगून पडलेल्या एका आजोबांनी त्यांना बघून हात उंचावला. आजोबांकडे कुणी फिरकलं नव्हतं. दादा आपले भाचे आहेत असं त्यांनी ठरवूनच टाकलं आणि इतक्या दिवसांनी आलास म्हणून रागावले. दादांनी बरीच समजूत घातली, पण आजोबांचा चेहरा पडायला लागला, तेव्हा त्यांनी भाचेपण पत्करलं, संत्रं सोलून दिलं आणि घरी सगळे मजेत आहेत असं सांगितलं. तासाभराने एका परिचारिकेने बिल्ला मागितला, तेव्हा या भाच्याची स्वतःचीच काख दाखवायची राहिली आहे, असं उघडकीला आलं. तिने हसू दाबून त्यांना थेट शल्यचिकित्सक बाईंच्या दारात नेऊन सोडलं. जाता जाता दाराच्या पाटीवर 'शल्यचिकीत्सक' लिहिलेलं दादांना दिसलं आणि तशाही अवस्थेत त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

डॉक्टरबाई मात्र पाटीसारख्या नव्हत्या. वयाने लहान, बोलायला थोडक्या आणि हात इतके शांत, की दादांना त्या क्षणी त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. त्यांनी मावशीची हकीकत नीट ऐकून घेतली. गाठ मऊ आहे, सरकते आहे, हे चांगलं लक्षण आहे म्हणाल्या. अशी मऊ गाठ घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. दादांनी नाही म्हणून सांगितलं. आईला विचारलंत का, असंही त्यांनी विचारलं. आईला विचारायचं कारणच नाही, तिला काही नाही हे मला पक्कं माहीत आहे, असं दादांनी ठणकावून सांगितलं. मग सुई घालून नमुना घ्यायचं ठरलं, आणि त्या दिवशी वहिनीही बरोबर आल्या. सुई बघून दादांनी मान फिरवली, आणि मानेपाठोपाठ दादाही फिरले. वहिनींनी एका हाताने त्यांना आणि दुसऱ्या हाताने त्यांचा चष्मा झेलला. दोन्ही शाबूत राहिलं, यात वहिनींचं कौतुक आहे.

अहवालात आलं, 'नमुना अपुरा'. हे दादांना आजारापेक्षाही लागलं. लेखकांच्या मजकुरावर असा शेरा मारणं हा त्यांचा अधिकार, आणि इथे त्यांच्याच मांसावर कुणीतरी तो मारला होता. मावशीचा इतिहास आहे, शंका ठेवायला नको, गाठ पुरती काढून तपासू, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. दादा घरी आले, चहाला शिवले नाहीत, आणि त्यांनी रजेसाठी छापखान्याच्या मालकांना फोन लावला. फोन बोळात होता. बोळाच्या टोकाला आईंची खुर्ची होती.

"पाहुणा काही असा जायचा नाही," दादा म्हणाले. "कापायचं ठरलंय. भूल देऊन करणार, म्हणजे ओरडायला नको. मग तुकडे तपासायला पाठवतील."

दादांचा डोळा लागल्यावर आईंनी मुलीला फोन केला. जावईबापूंना इतक्यात इकडे पाठवू नकोस, कारण विचारू नकोस, तुझा भाऊ माणूस वाईट नाही पण सध्या त्याचं डोकं ठिकाणावर नाही, एवढंच त्या बोलल्या. कारण विचारू नकोस म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं; लेकीने कारण विचारलंच, आणि कापण्याचं, तुकड्यांचं सगळं आईंना सांगावं लागलं. सकाळच्या पहिल्या गाडीने लेक आली, आणि तिच्यामागून, ज्यांना पाठवू नकोस असं स्पष्ट सांगितलं होतं, ते जावईबापूही आले.

लेक तरातरा आत शिरली. जावईबापू जिन्यातच थांबले. आपल्याला आत बोलावू नये, आपण फक्त सामान पोचवायला आलो आहोत, असं ते घामाघूम होत सांगत होते, आणि स्वयंपाकघरात काही खुट्ट झालं की एक पायरी खाली उतरत होते. आतून बहीण-भावाचे आवाज चढले. माझ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलंय, असं ती विचारत होती. घोड्याचा यात काय संबंध, हे दादांना कळत नव्हतं. इमारत जिन्यावर जमली. शेवटी टेपकाकांना जावईबापूंची दया आली. ते त्यांच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, अहो, घाबरता कशाला, पाहुणा म्हणजे तुम्ही नाही, पाहुणा म्हणजे दादांच्या काखेतली गाठ.

तो शब्द त्या घरात इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच उच्चारला गेला. दादा पांढरेफटक पडले. सगळ्यांच्या नजरा आईंकडे वळल्या. समोरच्या बाई तर पाण्याचा तांब्या घेऊन तयारच उभ्या होत्या.

आई खुर्चीतून उठल्या. काठी न घेता दारापर्यंत आल्या.

"शर्ट काढ," त्या म्हणाल्या.

दादांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "इथे?"

"मग काय छापखान्यात?"

दादांनी शर्ट काढला आणि लहानपणी गंजिफ्रॉक घालताना करत तसा हात वर केला. आईंनी डोळे मिटून दोन बोटांनी गाठ दाबली, इकडे सरकवली, तिकडे सरकवली. वेळ घेतला. मग त्यांनी दादांच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला काही होणार नाही." एवढं झाल्यावर त्यांनी मुलीला चहा टाकायला सांगितलं, जावईबापूंना आत घ्यायला सांगितलं आणि समोरच्या बाईंना तांब्या परत न्यायला सांगितलं. त्या रडल्याही नाहीत. दादांना वाटलं, म्हातारपणी माणसाला सगळं नीटसं उमगत नाही, हेही एका परीने बरंच. आईच ती, असंच म्हणणार. पण खरं सांगायचं, तर त्या चार शब्दांनी दादांना त्या दिवशी जेवण गेलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आई हट्टाने रुग्णालयात आल्या आणि बाकावर ताठ बसून राहिल्या. शेजारी वहिनींचा धीर सुटला, तेव्हा त्यांनाही आईंनीच सावरलं. गाठ निघाली आणि तपासणीला गेली. अहवाल हातात यायचा त्या दिवशी सगळे पुन्हा डॉक्टरबाईंच्या खोलीत जमले. दादांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "चरबी. निव्वळ चरबी. घरी जा."

दादांना आधी हसू आलं आणि मग रडू आलं. वहिनींना दोन्ही एकदम आलं. जावईबापूंनी, आपल्याला कुणी कापणार नाही याची आता पुरती खात्री पटल्यामुळे असेल, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, नवल एवढंच वाटतं, की अशा गाठी बहुधा घराण्यात असतात. खरंच घरात कुणाला नाही?

"नाही," दादा म्हणाले. शेवटचं मुद्रित 'छापा' म्हणून परत करताना त्यांचा असाच आवाज लागे.

"आहे," आई म्हणाल्या.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बाही सैल करायला वहिनींना जवळ बोलावलं. डॉक्टरबाईंनी पुरुषांना भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. भिंतीवर आरोग्याचा एक तक्ता होता आणि त्यात ढळढळीत दोन चुका होत्या. दादांना त्या दिसल्या नाहीत. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला, "ही तर तुमच्या मुलाच्या गाठीची आई आहे. अगदी तशीच. चरबीचीच. काळजीचं काही नाही, तरी सुईने बघून घेऊ. किती वर्षं झाली, आजी?"

"माझी बहीण गेली ना, त्याच वर्षी हाताला लागली."

वहिनींच्या तोंडून 'काखेत कळसा' एवढं निघून गेलं, आणि उरलेली म्हण त्यांनी गिळली.

दादा भिंतीकडे तोंड करायचं विसरले. ते वळले, तेव्हा आई बाही सारखी करत होत्या.

"आणि सांगितलं नाहीस? कुणालाच?"

"तुझी शाळेची शेवटची परीक्षा होती," आई म्हणाल्या.

"आणि नंतर?"

"नंतर तुझ्या वडिलांचं आजारपण. मग हिचं लग्न. मग तुझं. मग राहूनच गेलं."

दादांना ते परीक्षेचं वर्ष आठवलं. पहाटे आई त्यांच्याबरोबर उठे, स्टोव्ह पेटवे आणि समोर बसून त्यांचं पाठांतर ऐके. एक शब्द चुकला तरी मागे नेई. त्या बाईने त्या महिन्यात बहिणीला पोचवलं होतं, आणि बहिणीला होतं तेच आपल्यालाही झालंय असं समजून ती समोर बसली होती. दादांनी जिन्यावर, फोनवर, अख्ख्या इमारतीत आपल्या गाठीचा बोभाटा केला होता, आणि तोही आईला धक्का बसू नये म्हणून. आपल्या आईसारखी बाई आपण उभ्या जन्मात पाहिली नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी तिथेच, सगळ्यांदेखत, अडखळत बोलूनही दाखवलं. आईंनी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

"निदान माझी सापडली तेव्हा तरी सांगायचंस," दादा म्हणाले. "माझी भीती तरी गेली असती."

"तुला ओळखत नाही का मी? तुझी टाकून माझी घेऊन धावत सुटला असतास. आधी तुझं मिटू दे म्हटलं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. आजींची गाठही हवी तर काढून टाकता येईल, लहानसं काम आहे, त्या म्हणाल्या. आईंनी पिशवी उचलली आणि खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या आपल्या लेकाकडे एकदा पाहिलं.

"माझी राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याची काढलीत ते बरं केलंत. त्याला नसती झेपली."